नवी बॉडी आणि रद्दीतले फोटो

कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बदलायचं मनात आलं की माणूस थेट नव्या मॉडेलची माहिती चाळायला बसतो. त्याआधी एक संध्याकाळ जुन्या फोटोंना द्यावी. निवडून ठेवलेल्या फोटोंना नव्हे, टाकून दिलेल्यांना. वर्षभरातले रद्द केलेले दोन-तीनशे फोटो काढा आणि प्रत्येक का टाकला ते एका शब्दात लिहा, प्रत्येक कारणाचा एक रकाना. हलला, फोकस चुकला, दाणे आले, क्षण हुकला, चौकट फसली. शेजारी त्या फोटोची शटर स्पीड (उजेड किती वेळ आत आला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि फोकल लेन्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते) मांडा. ही माहिती प्रत्येक फाइलमध्ये असतेच. पैसे मोजके असताना याच्याइतका खरं बोलणारा सल्लागार दुसरा मिळत नाही.

फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला की दोष ओळखू येतात. सगळी चौकट एकाच दिशेनं सरकल्यासारखी दिसते, दिव्यांच्या ठिपक्यांना शेपट्या फुटतात, तर हात हलला. मागची भिंत रेघ न् रेघ स्पष्ट आहे पण माणसाचे हात पुसटले, तर शटर स्पीड कमी पडली. डोळे मऊ आणि कानामागचे केस मात्र धारदार, तर फोकस मागे गेला. कुठेच धार नाही आणि सगळीकडे एकसारखं धुकं आहे, तर संशय लेन्सवर घ्यावा. काचेत बुरशी धरलेली असते, पुढे स्वस्त फिल्टर लावलेला असतो, किंवा लेन्स पूर्ण उघडी असताना मुळातच मऊ असते.

या रकान्यांपैकी बॉडी बदलून बरे होणारे किती, हा खरा प्रश्न. घरातल्या दिव्याच्या उजेडातला नाच घेऊ. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). समजा आयएसओ ३२०० ला शटर १/१५ मिळतंय. याच जागी ५० मिमी एफ १.८ लावली तर तीन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) अधिक उजेड मिळतो आणि त्याच आयएसओला शटर १/१२५ वर जातं. आता लेन्स तितकीच, एफ ५.६ लाच उघडणारी, ठेवून बॉडी बदला. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमीचा, फुल फ्रेम ३६ गुणिले २४ चा. क्षेत्रफळ जवळजवळ २.४ पट, म्हणजे फायदा सव्वा स्टॉपचा. तितकाच दाणेदारपणा चालवून घेतला तर १/१५ चं १/३५ होईल. नाचणाऱ्या मुलीचे हात १/३५ ला तसेच पुसटलेले राहणार. एका सेन्सर आकारातच पुढच्या पिढीची बॉडी घेतली तर फायदा याहूनही कमी, बऱ्याचदा अर्ध्या स्टॉपच्या आसपास. आणि छोटी ५० मिमी एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या यादीतली सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते.

पण याला मर्यादा आहे, आणि 'आधी लेन्स घ्या' असं डोळे झाकून सांगणारे तिकडे दुर्लक्ष करतात. एफ १.८ ला जवळून फोटो काढला तर एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा बाहेर अशी गत होते. पुढे-मागे उभी असलेली चार माणसं हवी असतील तर एफ ४ किंवा ५.६ वर यावंच लागतं, आणि तिथे उघड्या लेन्सचा उपयोग संपतो. मग फ्लॅश उरतो किंवा मोठा सेन्सर. ज्याच्याकडे उघड्या लेन्स आधीच आहेत, जो एफ २.८ ला आणि आयएसओ ६४०० लाच बहुतेक काम करतो, आणि ज्याच्या यादीत दाण्यांचा रकाना सगळ्यात लांब आहे, त्याला बॉडीची खरी गरज आहे.

दाण्यांबद्दल आणखी एक. जेपीईजीमध्येच काम करत असाल तर आधी रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) सुरू करा आणि दाणे कमी करणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरमधून तीच फाइल काढून पाहा. दहा वर्षं जुन्या सेन्सरची रॉ फाइलसुद्धा त्यातून वेगळीच दिसते. दुसरं, 'आयएसओ वाढवला की दाणे येतात' या भीतीनं फोटो अंधारा काढायचा आणि घरी उजळवायचा, ही सवय सोडा. १६०० ला अंधारा काढून एक स्टॉप उचललेल्या फोटोपेक्षा ३२०० ला नीट उजेड दिलेला फोटो बहुधा स्वच्छ असतो, निदान त्याहून वाईट तरी नसतो. कॅननच्या जुन्या सेन्सरांत हा फरक ठळक दिसतो, कारण त्यांच्यात सिग्नलचा आकडा करण्याचं काम सेन्सरच्या बाहेर व्हायचं आणि वाटेत गोंगाट मिसळायचा. सावल्या उचलल्या की आडव्या-उभ्या पट्ट्या दिसतात त्या त्यामुळेच. २०१६ मधल्या ८०डी आणि ५डी मार्क ४ पासून कॅननच्या बऱ्याच बॉडींत हे काम सेन्सरवरच व्हायला लागलं आणि सावल्या उचलणं सुसह्य झालं. निसर्गचित्रं काढणाऱ्या कॅननवाल्यानं जुनी बॉडी घेताना ही सीमारेषा लक्षात ठेवावी.

मेगापिक्सेलचा हिशेब दोन ओळींत संपतो. १६ वरून २४ वर गेलं की संख्या दीडपट होते, पण लांबी-रुंदीत फरक पडतो फक्त २२ टक्के. २४ वरून ४५ वर गेलात तर ३७ टक्के. तेवढ्यासाठी प्रत्येक फाइल जवळपास दुप्पट जड होते.

मग बॉडीचा म्हणावा असा दोष कोणता? माझ्या मते तीन ठिकाणी बॉडी बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं. फोकस, बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी जिथे थांबतात ती मेमरी) आणि हात.

फोकस चुकल्याचा रकाना लांब असेल तरी लगेच बॉडीला दोष देऊ नका. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) होणारा फोकस सेन्सरवर होत नाही. आरशाखालच्या वेगळ्या भागात तो मोजला जातो, आणि त्या दोन अंतरांत केसभर फरक पडला की प्रत्येक फोटो ठरावीकपणे पुढे किंवा मागे जातो. तपासायला कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, लेन्स पूर्ण उघडा, फोकल लेन्थच्या निदान पन्नासपट अंतरावर, म्हणजे ५० मिमीला अडीच मीटरवर, बारीक छपाईचा कागद अगदी समोर उभा करा आणि शेजारी पट्टी तिरकी ठेवा. व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो घ्या, प्रत्येक वेळी फोकस बिघडवून पुन्हा करा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, पाच घ्या. लाइव्ह व्ह्यूतले धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधले सगळे एकाच बाजूला सरकलेले असतील, तर तो जुळवणीचा प्रश्न आहे. निकॉनच्या डी७००० पासूनच्या वरच्या मालिकेत आणि कॅननच्या ७०डी, ८०डी सारख्या बॉडींत ती जुळवणी मेनूतूनच करता येते. प्रवेशपातळीच्या बॉडींत ही सोय नसते, तिथे सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. पाचही फोटो पाच दिशांना गेले असतील तर मात्र जुळवणीनं काही होणार नाही. फोकस यंत्रणाच त्या उजेडाला अपुरी आहे.

अशा वेळी मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा, फायदा ठोस असतो. तिथे फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे पुढे-मागे सरकण्याचा हा आजार उरत नाही, आणि नव्या बॉडी डोळा शोधून त्याला चौकटीच्या टोकापर्यंत धरून ठेवतात. जुन्या स्वस्त फुल फ्रेम डीएसएलआरमध्ये उलट स्थिती असते. कॅनन ६डी चा सेन्सर मंद उजेडात आजही छान आहे, पण तिच्यात फोकसचे बिंदू ११ च, सगळे मध्याजवळ, आणि त्यातला क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारा) फक्त मधला. चेहरा कडेला ठेवून उघड्या लेन्सनं फोटो काढणाऱ्याला ती रोज अडवेल. डोंगर आणि इमारती काढणाऱ्याला तिचा काहीच त्रास नाही. बॉडी चांगली की वाईट हे असं रकान्यावरूनच ठरतं.

बफरचं उदाहरण निकॉन डी७१०० चं देता येईल. सेन्सर उत्तम, फोकस उत्तम, पण १४ बिट रॉमध्ये पाच-सहा फ्रेम झाल्या की कॅमेरा थबकतो. पक्षी उडायला सुरुवात करतो तिथे तुमची मालिका संपते. डी७२०० मध्ये तोच आकडा १८ वर गेला. पक्षी आणि खेळ काढणाऱ्याला या दोन बॉडींमधला हा फरक बाकी सगळ्या फरकांपेक्षा मोठा. घरगुती समारंभवाल्याला तो कळणारही नाही.

आणि हात. हा रकाना कुणी मांडत नाही, कारण फाइलमध्ये त्याची नोंद नसते. पण 'क्षण हुकला' म्हणून टाकलेल्या फोटोंमागे बऱ्याचदा हातच असतो. प्रवेशपातळीच्या बॉडीवर डायल एकच. मॅन्युअलमध्ये शटर फिरवायचं तर डायल, अ‍ॅपर्चर फिरवायचं तर एक बटण दाबून धरून तोच डायल. आयएसओ बऱ्याचदा तिसऱ्या जागी. माणूस उन्हातून सावलीत येतो, तुम्ही डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढता, बटण शोधता आणि तोवर तो हसून झालेला असतो. दोन डायलच्या बॉडीत तर्जनी पुढच्या डायलवर आणि अंगठा मागच्या, नजर तिथेच. व्ह्यूफाइंडरचंही तसंच. स्वस्त डीएसएलआरमध्ये आरशांचा पेंटामिरर असतो. तो लहान आणि मंद दिसतो, आणि साधारण ९५ टक्केच चौकट दाखवतो. उरलेल्या कडेत कुणाचं तरी कोपर शिरतं आणि घरी आल्यावर दिसतं. काचेच्या पेंटाप्रिझमची बॉडी जड असते, पण एकदा डोळा लावला की फरक सांगावा लागत नाही.

म्हणूनच, पैसे तेवढेच असतील तर नवी प्रवेशपातळीची बॉडी घेण्यापेक्षा एक पिढी जुनी पण एक पायरी वरची बॉडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. निकॉनच्या डी५६०० आणि डी७२०० दोन्ही २४ मेगापिक्सेलच्या. डी५६०० दीड वर्षाहून अधिक काळानंतरची. पण डी७२०० मध्ये दोन डायल, पूर्ण चौकट दाखवणारा पेंटाप्रिझम, ३९ ऐवजी ५१ फोकस बिंदू, १/८००० शटर आणि दोन कार्डांची सोय आहे. डी५६०० कडे फिरणारा टचस्क्रीन आणि हलकं वजन. अपवाद दोनच. व्हिडिओ मुख्य काम असेल किंवा डोळा धरणारा फोकस हवाच असेल, तर नवी मिररलेस घ्या, मग ती खालच्या पायरीवरची असली तरी चालेल.

माउंटकडे, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या जोडाकडे, दुर्लक्ष केलं तर बॉडीत वाचवलेले पैसे लेन्समध्ये जातात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत फोकस फिरवणारी मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हातानंच फोकस कराव्या लागतात. निकॉनच्या झेड मिररलेस बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावला तरी त्या लेन्सना मोटर मिळत नाही. ज्यांच्याकडे अशा दोन-तीन लेन्स आहेत त्यांना डी७००० मालिका सोडणं महागात पडतं. निकॉनच्या डीएक्स, म्हणजे एपीएस-सीसाठीच्या, लेन्स फुल फ्रेमवर बसतात, पण चौकट कापली जाते आणि २४ मेगापिक्सेलमधले दहा-साडेदहाच उरतात. कॅननच्या तशाच ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. पण कॅननच्या नव्या आरएफ माउंटच्या मिररलेसवर अ‍ॅडॅप्टर लावून ईएफ (फुल फ्रेम डीएसएलआरच्या) आणि ईएफ-एस दोन्ही व्यवस्थित चालतात, फोकससकट. कॅननच्या आधीच्या ईएफ-एम मिररलेसवाल्यांची मात्र वाट बंद आहे. त्या लेन्स आरएफवर येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी बॉडी बदलणं म्हणजे सगळंच बदलणं. आणि दूरचे पक्षी काढणाऱ्यानं फुल फ्रेमच्या मोहात पडू नये. ३०० मिमीची लेन्स एपीएस-सीवर ४५० मिमीची चौकट देते, ती सोडून दिल्यावर भरून काढायची किंमत फार मोठी असते.

हातातली रक्कम शंभर भाग धरली तर बॉडीवर पासष्ट-सत्तरच्या वर जाऊ नये. उरलेले कुठे जातात ते आधी दिसत नाही. डीएसएलआरवाल्यांना बॅटरीची सवय वेगळी असते. निकॉन डी७५० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीत १२३० फोटो देते, तर सोनीची पहिली ए७ सुमारे ३४०. त्या बॉडीबरोबर दोन जादा बॅटरी घ्याव्याच लागतात. सोनीनं २०१८ च्या तिसऱ्या ए७ मध्ये मोठी बॅटरी दिली आणि आकडा ७१० वर गेला. कार्ड मंद असेल तर मोठा बफरसुद्धा रिकामा व्हायला वेळ लागतो. व्ही३० खुणेचं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, व्ही६० त्याच्या दुप्पट. पण बॉडीचा खाचा जुन्या यूएचएस-१ प्रकारचा असेल तर जास्त वेगाच्या यूएचएस-२ कार्डावर खर्च केलेले पैसे तिथे कामाचे नाहीत. ४५ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल पन्नास मेगाबाइटच्या आसपास जाते, आणि आठ वर्षं जुना संगणक तिच्यापुढे हात टेकतो. जुनं सॉफ्टवेअर नव्या बॉडीची रॉ उघडतच नाही. अ‍ॅडोबीचा रॉ फाइलचं रूप बदलणारा मोफत डीएनजी कन्व्हर्टर तिथे मदतीला येतो.

आता वापरलेली बॉडी तपासण्याचं काम. इथे घाई करू नये, अर्धा तास हक्कानं मागून घ्यावा. स्वतःची लेन्स, स्वतःचं रिकामं कार्ड, छोटी टॉर्च आणि जमल्यास लॅपटॉप सोबत असावा.

लेन्स काढून आधी माउंटची धातूची कडी पाहा. तिरपे ओरखडे म्हणजे लेन्स वरचेवर बदललेली, ते चालतं. कडी किंचित वाकलेली असेल किंवा तिच्या स्क्रूंचे माथे खरवडलेले असतील, तर बॉडी पडलेली किंवा उघडलेली आहे. फ्लॅश बसतो तो शू, खालचा ट्रायपॉडचा आटा आणि कार्डाच्या खाचेतल्या पिना टॉर्चनं बघा. सीएफ कार्डाच्या बॉडीत एक पिन वाकली तरी काम अडतं.

मग सेन्सर. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून अनंतावर न्या, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ १६ किंवा २२, आणि कोऱ्या पांढऱ्या पडद्याचा किंवा मोकळ्या आकाशाचा एक स्टॉप उजळ फोटो घ्या. हात हलला तरी बिघडत नाही. धूळ सेन्सरपुढच्या काचेवर असते, ती कॅमेऱ्याबरोबरच हलते. एफ २.८ ला तेच ठिपके पसरून नाहीसे होतात, म्हणून विकणाऱ्यानं उघड्या लेन्सनं काढलेला स्वच्छ फोटो दाखवला तर त्यावर विसंबू नका. करडे ठिपके धुळीचे, ते फुंकणीनं किंवा ओल्या सफाईनं जातात. गोल, मध्ये फिकट आणि कडेला गडद ठिपका तेलाचा. कुठूनही सुरू होऊन मध्येच थांबणारी बारीक सरळ रेघ दिसली तर तो ओरखडा, आणि मग बॉडी परत द्यावी. सफाई करताना लक्षात ठेवा, फोटोत वर दिसणारा ठिपका समोरून पाहिलं तर सेन्सरच्या खालच्या बाजूला असतो. डावं-उजवं बदलत नाही. त्यानंतर झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो घ्या, लाँग एक्स्पोजरची नॉईज सफाई बंद ठेवून. चार-दोन रंगीत ठिपके सगळ्याच सेन्सरांत निघतात. अख्खी रांग पेटलेली दिसली तर घेऊ नका.

शटरची चाचणी दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नव्हे, कारण तिच्या लुकलुकण्यानं आपोआप पट्टे येतात आणि निर्दोष शटरवर आळ येतो. एका फिकट भिंतीचे फोटो १/५०० पासून वरच्या टोकापर्यंत काढत जा, प्रत्येक वेळी आयएसओ तेवढाच वाढवून. सगळे सारखेच उजळ हवेत. १/४००० किंवा १/८००० ला एका कडेला काळा पट्टा येत असेल तर पडदे थकले आहेत. मग शटर किती वेळा उडालं तो आकडा. निकॉन तो प्रत्येक फाइलमध्ये लिहितं आणि एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमनं वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींना केबल जोडून वेगळ्या प्रोग्रॅमनं विचारावं लागतं. प्रवेशपातळीची शटर साधारण एक लाख क्लिकना, मधल्या बॉडींची दीड लाखाला आणि डी८५० सारखीची दोन लाखांना तपासलेली असते. ही मुदत नव्हे. कित्येक शटर दुप्पट चालतात, काही अर्ध्यात जातात. पण दीड लाख क्लिकना तपासलेल्या बॉडीवर एक लाख चाळीस हजार दिसले तर नव्या शटरचा खर्च किमतीतून वजा करून बोलावं.

बटणं एकेक दाबून पाहा, डायल सावकाश आणि झरझर फिरवून पाहा. जुना डायल एका खटक्याला दोन पावलं टाकतो किंवा उलटा जातो, आणि ऐन कामात तो अतिशय छळतो. बॅटरीची प्रकृती मेनूत कळते. निकॉन ० ते ४ असं वय दाखवतं, कॅनन तीन हिरव्या पट्ट्या.

मॉडेलचे ठाऊक असलेले आजार आधी वाचून जावं. कॅननच्या २००५ मधल्या पहिल्या ५डी चा आरसा सुटून यायचा. निकॉन डी६०० च्या सेन्सरवर ठिपके पुन्हा पुन्हा साचायचे, २०१३ मध्ये डी६१० आली आणि २०१४ मध्ये कंपनीनं डी६०० चे शटर मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. डी७५० च्याही ठरावीक क्रमांकांच्या बॉडींचे शटर परत बोलावले गेले. अशी बॉडी स्वस्त मिळते, आणि दुरुस्ती झाल्याचा कागद असेल तर तो सौदा फायद्याचाही असतो. कागद नसेल तर अनुक्रमांक घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारून मगच पुढे जावं.

निवड एक-दोन बॉडींवर आली की शक्य असल्यास त्यातली एक दिवसभरासाठी भाड्यानं किंवा ओळखीतून मिळवा. जिथे सगळ्यात जास्त फोटो वाया जातात त्याच जागी, त्याच लेन्सनं आणि त्याच उजेडात शंभर-दीडशे फोटो काढा. घरी येऊन पहिल्या संध्याकाळसारखेच रकाने मांडा आणि जुन्या यादीशेजारी ठेवा. जो रकाना लांब होता तो निम्म्यानं तरी आखडला पाहिजे. तेवढा आखडला नसेल तर बॉडी परत करा, आणि त्या रकान्यातल्या फोटोंची फोकल लेन्थ आणि अ‍ॅपर्चर पुन्हा एकदा नीट वाचा. कोणती लेन्स घ्यायची ते तिथेच लिहिलेलं असतं.